पाऊण घंट्याचं काम

मूर्तिजापुरात जुन्या छोट्या लाईनच्या रुळांपलीकडे जी वस्ती आहे, तिथे श्रावण वायरमनला एक टोपणनाव होतं: डबलपोल. तोंडावर कोणी म्हणत नसे. पण किराण्याच्या दुकानात, न्हाव्याकडे, नळावर त्याचा उल्लेख तसाच व्हायचा. "पंखा फिरून नाई राह्यला का? त्या डबलपोलले बलाव." लोकांचंही चुकत नव्हतं. हा माणूस पंखा दुरुस्त करायला यायचा आणि जाताना मेन बोर्डासमोर उभा राहून व्याख्यान देऊन जायचा.

व्याख्यान ठरलेलं होतं. भिंतीवरचा एमसीबी, ज्याला सगळी वस्ती नुसतं खटका म्हणते, तो बोटाने दाखवून तो घरधन्याला विचारायचा, "हा खाली पाडला त काय होते?"

"लाईन बंद होते," घरधनी म्हणायचा.

"एकच तार बंद होते, बावा. घरात येतात दोन. एकीतून करंट येते, थे फेज. दुसरीतून वापस जाते, थे न्युट्रल. तुहा हा खटका सिंगल पोल आहे, एकच तार तोडते. म्हंजे तू पुढचं दार लावलं, अन् मागचं सताड उघडं ठेवलं. उद्या खांबावर कोणं तारा उलट्या जोडल्या, त फेज मागच्या दारानं येईन. तू म्हणशीन खटका पाडला, आता काई नाई होत. अन् करंट असते घरातच बसून. डबल पोल लाव. दोन्ही तारा एका बोटानं बंद."

ऐकणारा मान डोलवायचा आणि विषय बदलायचा. मग श्रावण आठवड्याने पुन्हा हजर. "तू मरशीन अन् बदनाम मले करशीन," असं चहा पिता पिता बायकापोरांसमोर म्हणायचा. माणसं त्याच्या युक्तिवादाला नाही, कटकटीला कंटाळून हो म्हणायची. असं करत करत तीस वर्षांत त्याने आपल्या गल्लीतल्या जवळजवळ प्रत्येक घरात डबल पोल बसवले. राहिली होती दोनच घरं. एक त्याचं स्वतःचं, आणि दुसरं भिंतीला भिंत लागून असलेलं त्याच्या धाकट्या भावाचं, गोपालचं.

"लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण," असं न्हावी त्याला एकदा म्हणालाही. श्रावण हसला आणि दाढी उरकून घेतली. उत्तर त्याच्याकडे होतं, पण ते सांगण्यासारखं नव्हतं.

घर खरं तर एकच होतं, सहा खोल्यांचं, वडिलांनी बांधलेलं. त्याचं वायरिंग श्रावणनेच अगदी तरुणपणी केलेलं. बारा वर्षांपूर्वी आई गेली, त्या दिवशी तो वरूडला संत्र्याच्या पॅकिंग शेडमध्ये शिडीवर चढून तारा ओढत होता. फोन खाली पिशवीत. त्याने तो पाहिला तेव्हा सतरा कॉल येऊन गेले होते. वरूडहून मूर्तिजापूर काही जवळ नाही. एका ट्रकमध्ये, संत्र्यांच्या खोक्यांवर बसून तो आला आणि थेट स्मशानात गेला. चिता निम्मी जळून गेली होती. आईला आग द्यायची थोरल्याने, ती गोपालने दिली होती. दिवस मावळायला आला म्हणून चार म्हाताऱ्यांनी घाई केली आणि गोपालने त्यांना अडवलं नाही. त्याची चूक होतीच. पण श्रावण तिथे सगळ्यांदेखत बोलला, "आजपासून तू माह्यासाठी मेला." ही तर त्याहून मोठी चूक. त्या संध्याकाळपासून भाऊ भावाशी बोलला नाही.

महिनाभरात मधल्या दारात विटा भरल्या. तीन खोल्या इकडे, तीन तिकडे. गोपालने स्वतःचं मीटर घेतलं आणि तारा जोडायला बाहेरचा माणूस आणला. सख्खा भाऊ वायरमन असताना बाहेरचा वायरमन! श्रावणला वाटणीपेक्षा हे जास्त लागलं. तो दिवसभर ओट्यावर बसून राहिला आणि भिंतीपलीकडच्या ठोकाठोकीतला प्रत्येक ठोका कसा चुकीचा पडतो आहे ते चंदाला, आपल्या बायकोला, सांगत राहिला.

त्या बाहेरच्या माणसाने नव्या मीटरमधून येणारी तार गोपालच्या खोल्यांना जोडली. परत जाणारी मात्र होती तशीच राहू दिली. ती जुनी तार मधल्या भिंतीतून श्रावणच्या मागच्या खोलीच्या बोर्डात येत होती, आणि तिथून पुढे त्याच्या मेन बोर्डात. म्हणजे गोपालच्या घरात करंट यायचा तो गोपालच्या मीटरमधून, आणि परत जायचा तो श्रावणच्या घरातून.

श्रावणला हे आठवड्यातच कळलं. त्याच्या मीटरवर एक बारका लाल दिवा सारखा पेटलेला दिसू लागला; आत येणारा आणि परत जाणारा करंट जुळला नाही की तो लागतो. त्याने आपल्या घरातलं सगळं बंद केलं, चिमटा मीटर काढला आणि परतीच्या तारेला लावून पाहिला. घर बंद, तरी तारेत करंट वाहतच होता. त्याला पहिल्यांदा आसुरी आनंद झाला. "मोठा आला मीटरवाला," तो मनात म्हणाला. "जगते शेवटी माह्याच तारेवर."

तो आनंद काही फार टिकला नाही. उरली ती सवय. कामावरून आला, हातपाय धुतले की तो मागच्या खोलीत जायचा, बोर्डाचं झाकण काढायचा आणि चिमटा लावून आकडे बघायचा. आता पाण्याची मोटर सुरू झाली. आता गोपालची बायको आरती मिक्सर फिरवते आहे. आता टीव्ही. एका दिवाळीत तीन दिवस तारेत काहीच नव्हतं, तर याला जेवण जाईना. शेवटी चंदानेच बाहेरून चौकशी करून सांगितलं, की तिकडची सगळी माणसं आरतीच्या माहेरी अंजनगावला गेली आहेत. भाऊ मेला म्हणणारा हा माणूस बारा वर्षं रोज भावाची नाडी बघत होता.

आता त्याच्या घरी डबल पोल का नव्हता, ते सांगतो. मागच्या खोलीच्या लाईनवर डबल पोल बसवला आणि तो खाली पाडला, तर परतीची तारही तुटणार. गोपालच्या तिन्ही खोल्या बंद पडणार. तो विचारायला येणार, नाहीतर पुन्हा कोणी बाहेरचा आणणार, आणि मग ती तार कायमची वेगळी करावी लागणार. श्रावणला ते नको होतं. ती एवढी एकच गोष्ट दोन्ही घरांत सामाईक उरली होती, आणि ती त्याच्या एकट्याच्या मालकीची आहे असं तो समजत होता.

यंदा वैशाखात अवकाळी वादळ झालं. कडुनिंबाची मोठी फांदी गल्लीच्या तारांवर पडली आणि दोन्ही तारा तुटल्या. दुसऱ्या दिवशी कंत्राटदाराची माणसं आली, घाईघाईने जोडून गेली. दिवे लागले, पोरांनी ओरडा केला. श्रावणने सवयीने टेस्टर लावून पाहिला, तर तो नको त्या भोकात पेटला. तारा उलट्या जोडल्या होत्या. तीस वर्षं तो ज्याची भीती घालत होता, नेमकं तेच.

त्याने लाईनमनला फोन केला. "चाळीस जागी तारा तुटल्या आहेत, भाऊ," तिकडून उत्तर आलं. "तुमची लाईट चालू आहे ना? मंग हप्त्याभरात येतो."

गल्लीला फिकीर नव्हती, सगळीकडे डबल पोल होते. श्रावण स्क्रू-ड्रायव्हर घेऊन आपल्याच मेन बोर्डासमोर उभा राहिला. फक्त स्वतःकडच्या दोन तारा अदलाबदल केल्या तर गोपालच्या दोन्ही तारा एकाच जातीच्या होऊन त्याचं घर बंद पडणार. करायचं तर दोन्ही घरांत एकदमच करावं लागणार.

"म्हंजे किती काम आहे?" चंदाने विचारलं. ती दाराशी परात घेऊन गहू निवडत बसली होती.

"त्याच्या मीटरपासून त्याच्या बोर्डात एक तार ओढाची. ही भिंतीतली तोडाची. तारा सुलट्या कराच्या, मंग दोन्हीकडे एकेक डबल पोल. पाऊण घंटा."

"मंग जा ना भाऊजीकडे."

"जातो."

"आज जा."

"उद्या जातो म्हटलं ना."

चंदाने परात खाली ठेवली. "अवो, बारा वर्षं झाले. मायची आग तुमी किती दिवस पेटवत ठेवान? ते काही वाईट माणूस नाई. परवा नळावर मले हंडा उचलू लागले. बोलले नाई, पण उचलू लागले."

त्याच दिवशी बाजारातून श्रावणने दोन डबल पोल आणले आणि पिशवीत ठेवले. दोन आणले, एक नाही. अर्थिंगच्या खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओतलं. उन्हाळ्यात काळी जमीन भेगाळली की अर्थिंग नावालाच उरते. आणि चंदाला पुन्हा पुन्हा बजावलं, "हे काम होईपर्यंत खटक्यावर भरोसा ठेवू नको. कूलरले हात लावाच्या आधी पिन काढजो. काय काढजो?"

"पिन," चंदा म्हणाली. "मी काय लहान पोरगी आहो का?"

चौथ्या दिवशी तो गेला. खरंच गेला. गोपाल दारात मोटारसायकल पुसत होता. श्रावण त्याच्या ओट्यापाशी थांबला. गोपालने वर पाहिलं, हातातलं फडकं तसंच थांबलं. श्रावणने घसा खाकरला. तोंडात वाक्य तयार होतं, "दोन मिनिट बोर्ड पाहाचा आहे." ते बाहेर काही येईना. मग जणू पानटपरीवरच निघाला होता असा तो पुढे चालू पडला आणि मागच्या गल्लीने घरी परत आला. चंदाने त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि पाण्याचा तांब्या पुढे केला.

लाईनमन अजून फिरकला नव्हता. अकराव्या दिवशी श्रावण अंजनगाव सुर्जीला एका नव्या घराचं काम करत होता. शिडीवर होता, पण आई गेल्यापासून फोन तो शर्टाच्या वरच्या खिशातच ठेवायचा. फोन वाजला. नंबरला नाव नव्हतं. ते नाव त्याने बारा वर्षांपूर्वी पुसून टाकलं होतं, पण आकडे त्याला तोंडपाठ होते.

"दादा," गोपाल म्हणाला. "तू लवकर ये. वयनीले दवाखान्यात आणलं."

तो पोचला तेव्हा गोपाल दवाखान्याच्या बाकावर बसला होता, अनवाणी, अर्धी बाही फाटलेली. श्रावणला पाहून तो उठला. "आणली तवाच गेलती, दादा," तो म्हणाला. श्रावणला कोणीतरी धरलं. ते गोपालच होतं.

दुपारी बारा-साडेबाराच्या सुमाराला चंदा मागच्या खोलीतल्या कूलरमध्ये पाणी भरायला गेली होती. कूलरच्या आतल्या मोटरची वायर घासली गेलेली होती. भिंतीपलीकडे आरतीला बादली पडल्याचा आवाज आला, मग काहीच नाही. तिने हाक मारली. गोपाल मागची भिंत ओलांडून गेला, लाकडाच्या फळीने चंदाचा हात बाजूला केला, पिन उपसली आणि तिला उचलून ऑटोत घातलं.

पंचनाम्याला पोलीस आले, तेव्हा त्यांच्यासोबत श्रावण मागच्या खोलीत गेला. फरशीवर अजून ओल होती. त्याने बोर्डाकडे पाहिलं. खटका खाली होता.

तिने ऐकलं होतं. खटका पाडल्याशिवाय कशालाही हात लावायचा नाही, हे त्यानेच तिला लग्नाच्या पहिल्या वर्षी शिकवलं होतं. तीस वर्षांचा तो धडा तिने न चुकता पाळला. विसरली ती अकरा दिवसांचा नवा. श्रावण तिथेच भिंतीला टेकून खाली बसला आणि कपाळ बडवून घेऊ लागला. "तिनं पाडला होता, साहेब," तो हवालदाराला सांगत राहिला. "पाहा, तिनं पाडला होता." हवालदाराला काय कळणार? त्याने लिहून घेतलं.

स्मशानात दिवस कलू लागला. मुलगी आचल अकोल्याहून आली होती, तरी श्रावण काही चंदाजवळून उठेना. म्हातारे कुजबुजू लागले. यावेळी गोपाल त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिला. "कोणी घाई नाई कराची," तो म्हणाला. "दादा उठीन तवा उठीन." सूर्य टेकल्यावर श्रावण उठला.

न बोलणाऱ्या भावांनाही सुतक एकच असतं. तेरा दिवस दोन्ही घरांनी ते पाळलं. आरती भाकरी आणून द्यायची, आचल ती बापाला भरवायची. मागच्या खोलीत चंदाच्या फोटोसमोर समई तेवत राहिली. गोपाल रोज येऊन ओट्यावर बसायचा. बोलणं मात्र लागेल तेवढंच.

चौदाव्या दिवशी सकाळी श्रावणने पिशवी उघडली. दोन्ही डबल पोल तसेच खोक्यात होते. त्यातला एक त्याने मागच्या खोलीच्या लाईनवर बसवला आणि खाली पाडला. पलीकडे पंख्याची घरघर मंदावत थांबली. आरती कोणाला तरी म्हणाली, "लाईन गेली वाट्टे." तो पाय पसरून फरशीवर बसला आणि वाट पाहू लागला.

गोपाल आला. आधी बोर्डाकडे, मग भावाकडे बघत उभा राहिला.

"तुह्या घरचं करंट बारा वर्षांपासून माह्या घरातून वापस जाते," श्रावण म्हणाला. "मले मालूम होतं. डबल पोल लावला असता त ही तार येगळी करा लागली असती. म्हणून नाई लावला. तुले सांगतलं नाई. चंदा त्याच्यानं गेली, गोपाल. म्या मारलं तिले."

गोपालही त्याच्यासमोर खाली बसला.

"मले बी मालूम होतं," तो म्हणाला.

श्रावणने मान वर केली.

"त्या वायरमननं तवाच सांगतलं होतं. म्हणे, वापस जाणारी तार तुमच्या भावाच्या घरातून आहे, तोडू का? मी म्हटलं, राहू दे."

"काहून?"

"भित घातली, मीटर येगळं केलं. काहीच नाई राह्यलं होतं, दादा. म्हटलं, येवढी एक तरी राहू दे. पाहू दादा कदी तोडते. तू नाई तोडली. मले बरं वाटे." त्याने डोळे पुसले. "वादळानंतर तू आल्ता ना दारात? मी मनात म्हटलं, आता बोलते."

"मंग तू काहून नाई बोलला?"

"तू काहून नाई बोलला?"

समईतलं तेल कमी झालं होतं. आचलने येऊन ते घातलं आणि काकाला, बापाला तसंच बसलेलं ठेवून ती परत गेली.

मग श्रावण उठला. गोपालने शिडी आणली आणि धरून उभा राहिला. त्याच्या मीटरपासून नवी तार ओढली. भिंतीतून येणारी जुनी तार श्रावणने पक्कडीत धरली, तेव्हा त्याचा हात थांबला. गोपाल खालून म्हणाला, "तोड, दादा," आणि त्याने ती तोडली. दोन्हीकडच्या तारा सुलट्या केल्या. दुसरा डबल पोल गोपालच्या बोर्डात बसवला. श्रावणच्या मीटरवरचा लाल दिवा विझला. पलीकडे पंखा फिरू लागला.

गोपालने शिडी भिंतीला टेकवली. कपाळावरचा घाम पुसला. काहीतरी बोलायचं म्हणून त्याने विचारलं, "किती टाईम लागला?"

श्रावणने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. शिडी लावली तेव्हा सव्वादहा झाले होते. आता अकरा वाजत होते.

"पाऊण घंटा," तो म्हणाला, आणि चंदाच्या फोटोकडे पाठ करून तो हत्यारं पिशवीत भरू लागला.